निकोटीन गम: कशावर चालतं आणि कशावर नाही

निकोटीन गमचे रिव्ह्यू वाचायला घेतले की दोन टोकं दिसतात. एकजण लिहितो काही फरक पडत नाही, पैसे फुकट गेले, आणि लगेच खाली दुसरा लिहितो की ह्याच्यामुळेच माझी सिगरेट सुटली. मला वाटतं दोघंही खरंच बोलत असतात. मी ह्याचा पूर्ण कोर्स केलाय, आधी ४ एमजी आणि नंतर २ एमजी, आणि माझं मत असं झालंय की गम चांगलं आहे, पण ते फक्त निकोटीनची भरपाई करतं. सिगरेट बंद केल्यावर शरीरात जे काय काय होतं त्यातलं काही निकोटीन कमी पडल्यामुळे होतं आणि काही धूर बंद झाल्यामुळे होतं. हे आधी माहीत नसेल तर धुरामुळे होणारा त्रास सुरू झाला की माणूस म्हणतो गम फेल गेलं, आणि परत सिगरेट पेटवतो. म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबलचक लिहितोय, कोणालातरी उपयोग होईल.

आधी हे नक्की आहे काय ते. दिसायला साधं च्युइंगम, पण आतलं निकोटीन एका रेझिनला (राळेसारख्या पदार्थाला) बांधून ठेवलेलं असतं आणि चावलं की हळूहळू सुटतं. सोबत सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट असले क्षार घातलेले असतात, त्यांनी तोंडातली लाळ थोडी अल्कलाइन होते, कारण तसं असलं तरच निकोटीन गालाच्या आतल्या बाजूने नीट रक्तात शिरतं. कल्पना स्वीडनमधली आहे. ओवे फेर्नो म्हणून एक केमिस्ट होते, पाणबुडीत सिगरेट ओढता येत नाही तेव्हा खलाशी तोंडात तंबाखू धरून भागवतात हे त्यांना १९६७ च्या सुमारास कळलं आणि तिथून ह्या गमचं काम सुरू झालं. अमेरिकेत ह्याला १९८४ मध्ये मंजुरी मिळाली, आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निकोटीन रिप्लेसमेंट (सिगरेटऐवजी गम, पॅच अशांतून निकोटीन देणं) अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की बरेच जण ह्याला गोळ्या-चॉकलेटच्या लायनीत बसवतात. हे औषध आहे आणि औषधासारखंच घ्यावं लागतं.

आता वापरायची पद्धत, कारण ५ स्टार का १ स्टार हे मला वाटतं इथेच ठरतं. हे सारखं चावत बसायचं नसतं. हळूहळू थोडं चावायचं, जिभेला मिरीसारखं तिखट किंवा चुरचुरल्यासारखं लागलं की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवून द्यायचं. मिनिटभराने चुरचुर कमी झाली की परत थोडं चावायचं, परत ठेवायचं, पण दुसऱ्या बाजूला. असं साधारण अर्धा तास. सारखं चावलं तर निकोटीन एकदम सुटतं, लाळेबरोबर पोटात जातं, आणि पोटात गेलेलं निकोटीन रक्तात मिसळायच्या आधी लिव्हर त्यातलं बरंचसं मोडून टाकतं, म्हणजे तलफ तशीच राहते आणि वर उचक्या, जळजळ, मळमळ, घसा खवखवणं हे सगळं पदरात पडतं. "उचक्या लागल्या, बंद केलं" असे जे रिव्ह्यू असतात त्यातल्या कितीतरी लोकांनी ते साध्या च्युइंगमसारखं चघळलेलं असणार.

दुसरी गोष्ट चहा, कॉफी, ज्यूस, कोल्डड्रिंक. गम घ्यायच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत साधं पाणी सोडून काही खायचं-प्यायचं नाही. ज्यूस, कॉफी वगैरेंनी तोंड आम्लधर्मी होतं आणि मग निकोटीन गालातून शोषलं जात नाही. आता बहुतेक सिगरेटवाल्यांना तलफ कधी येते तर चहा-कॉफीबरोबर, म्हणजे नेमकं जेव्हा गम लागतं तेव्हाच ते चालत नाही. ह्यावर उपाय म्हणजे आधी गम, मग चहा. उलटं करायचं तर मधे पाव तास जाऊ द्यावा लागतो आणि तो पाव तास सुरुवातीला फार जड जातो, खरंच.

आणि वेग. सिगरेटचा झुरका घेतला की निकोटीन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. गमने रक्तातली पातळी वर चढायला २०-३० मिनिटं लागतात, आणि चढते तीसुद्धा सिगरेटपेक्षा खालीच राहते. त्यामुळे झुरक्यानंतर जी झटक्यात किक बसते ती गममध्ये मिळणार नाही, ती शोधत असाल तर निराश व्हाल. पण व्यसन पक्कं होतं ते मुख्यतः ह्या वेगामुळेच, त्यामुळे हळू चढणं हा ह्या प्रॉडक्टचा गुण आहे असं मी धरतो. ह्याचा प्रॅक्टिकल अर्थ असा की तलफ डोक्यावर बसल्यावर गम शोधू नका, तोपर्यंत उशीर झालेला असतो. पहिले ६ आठवडे दर १-२ तासांनी एक, तलफ असो नसो, घड्याळ बघून. नंतरचे ३ आठवडे दर २-४ तासांनी, आणि शेवटचे ३ आठवडे दर ४-८ तासांनी. पॅकवर पण हेच लिहिलेलं असतं, पण वाचतं कोण. सुरुवातीच्या ६ आठवड्यांत दिवसाला निदान ९ तरी घ्या असं सांगतात आणि जास्तीत जास्त २४. लोक दिवसाला तीन-चार घेतात, "औषध कमीच बरं" म्हणून, आणि मग म्हणतात असर नाही.

४ एमजी का २ एमजी हे कसं ठरवायचं? उठल्यावर ३० मिनिटांच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर ४, नाहीतर २. दिवसाला किती सिगरेटी ह्यापेक्षा हा प्रश्न जास्त उपयोगी आहे आणि त्याला कारण आहे. निकोटीनची रक्तातली पातळी साधारण दर २ तासांनी अर्धी होते, म्हणजे रात्रभराच्या झोपेत जवळपास सगळं संपतं, आणि सकाळी उठता उठता सिगरेट लागणं म्हणजेच शरीर रिकामं झालेलं सहन करू शकत नाहीये.

बरं, आता शरीर काय करतं. ह्या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण माझ्या बाबतीत पहिल्या आठवड्यात मला जे होत होतं त्याला नावं माहीत असण्याने जेवढा धीर आला तेवढा दुसऱ्या कशानेच आला नाही.

रोज निकोटीन मिळत राहिलं की मेंदूत ते पकडणारे रिसेप्टर संख्येने वाढतात. अचानक बंद केलं की हे सगळे जादाचे रिसेप्टर रिकामे बसतात आणि मागणी करत राहतात. शेवटच्या सिगरेटनंतर काही तासांतच सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात असतं, आणि मग ३-४ आठवड्यांत हळूहळू उतरतं. काय काय होतं तर चिडचिड, उगाच काळजी, एका जागी बसवत नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, झोप तुटते, भूक वाढते, उदास वाटतं. नाडीचे ठोके मात्र उलट कमी होतात. काहींना चक्कर आल्यासारखं होतं, काहींना स्वप्नात आपण सिगरेट ओढतोय असं दिसतं आणि दचकून जाग येते (हे फार कॉमन आहे, त्याने तुमचा निश्चय कच्चा आहे असं काही ठरत नाही). हे वाढलेले रिसेप्टर नॉर्मलला यायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, आणि गमचा कोर्स १२ आठवड्यांचा असतो, म्हणून "महिनाभर घेतलं, बरं वाटलं, सोडून दिलं" असं करू नये.

ह्या सगळ्या यादीवर गम चालतं. चिडचिड आणि एकाग्रता ह्यावर मला सगळ्यात जास्त फरक जाणवला, तलफ पूर्ण जात नाही पण तिची धार जाते, आणि धार गेली की ती एकेक लाट तेवढी पाचेक मिनिटं काढता येते, पाणी पिऊन, उठून चालून, कोणाला तरी फोन करून. आकड्यात सांगायचं तर निकोटीन रिप्लेसमेंट घेतल्याने सिगरेट सुटण्याची शक्यता काहीच न घेण्यापेक्षा साधारण ५० ते ६० टक्क्यांनी वाढते. म्हणजे खात्री देत नाही, पण इच्छाशक्तीवर सोडून देण्यापेक्षा नक्कीच बरं आहे, आणि जे लोक "मनात असेल तर असंच सुटतं, गम कशाला" म्हणतात त्यांचं मला पटत नाही. मेंदूत प्रत्यक्ष बदल झालेला असतो, त्यात माणसाच्या चांगुलपणाचा काय संबंध.

आता गम जिथे चालत नाही तो भाग.

पहिली गोष्ट कॉफी. हे मला कोणीच आधी सांगितलं नव्हतं आणि खूप जणांना माहीत नसतं. सिगरेटच्या धुरात जे टारमधले हायड्रोकार्बन असतात ते लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात कामाला लावतात, सीवायपी१ए२ असं त्याचं नाव, आणि हेच एन्झाइम कॅफिन मोडतं. त्यामुळे सिगरेट ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन जवळपास दुप्पट वेगाने बाहेर पडतं, म्हणून तो तीन-चार कप सहज रिचवतो आणि त्याला काही वाटत नाही. सिगरेट बंद केली की काही दिवसांतच एन्झाइम नेहमीच्या वेगाला येतं, आणि तेवढ्याच कॉफीने रक्तात कॅफिन जवळपास दुप्पट साचायला लागतं. मग काय होतं? धडधड, हात थरथरणं, अस्वस्थपणा, रात्री झोप नाही. आता ही यादी वर लिहिलेल्या यादीशी ताडून बघा, ओळखूच येत नाही कुठलं कशामुळे आहे. माणूस म्हणतो सिगरेट सोडल्यामुळे मला हे होतंय, गम अजून वाढवतो, गमने ह्यात काडीचाही फरक पडत नाही कारण एन्झाइमला चालना देणारं निकोटीन नव्हतंच, धूर होता. उपाय साधा आहे, चहा-कॉफी निम्म्यावर आणायची. एकदम बंद मात्र करू नका, कारण कॅफिनचं आपलं वेगळं असतं, अचानक थांबवलं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, ते एक-दोन दिवस चढतं राहतं आणि आठवडाभर पण टिकू शकतं, शिवाय मरगळ आणि चिडचिड. दोन गोष्टींचा विड्रॉवल (सवयीची गोष्ट बंद केल्यावर होणारा त्रास) एकाच आठवड्यात अंगावर घ्यायची काही गरज नाही. दोनेक आठवड्यांत एकेक कप कमी करत आणा, पुरे.

आणि ह्याच एन्झाइमवर काही औषधंही अवलंबून असतात. दम्याचं थिओफायलिन, मानसिक आजारातली क्लोझापिन आणि ओलान्झापिन. ही चालू असताना सिगरेट सोडली तर तोच डोस रक्तात जास्त व्हायला लागतो, आणि क्लोझापिन-थिओफायलिनच्या बाबतीत हे गंभीर होऊ शकतं. घरात कोणी ह्या औषधांवर असेल आणि सिगरेट सोडत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, सोडल्यावर नाही, आधी. गम घेतायत म्हणून डोस तसाच चालेल असं समजू नका.

दुसरी खोकला. सिगरेट ओढत असताना नव्हता इतका खोकला सोडल्यावर सुरू होतो आणि लोक घाबरतात. श्वासनलिकेतले बारीक केस, जे कफ वर ढकलतात, ते धुराने मंद झालेले असतात, धूर बंद झाला की परत कामाला लागतात आणि साचलेलं बाहेर काढायला लागतात. काही आठवडे चालतं. ह्यावर गम शून्य. पण रक्त पडत असेल किंवा खोकला थांबतच नसेल तर दाखवून घ्या, हे सोडल्यामुळेच असेल असं घरी बसून ठरवू नका.

तिसरी तोंडातले छाले. पहिल्या एक-दोन आठवड्यांत येतात आणि सगळे गमला दोष देतात, साहजिक आहे, तोंडात गमच असतं. पण गम न घेता सोडणाऱ्यांनाही येतात. बरे होतात आपोआप. तोपर्यंत गम त्या जागेला लागणार नाही अशा बाजूला ठेवायचं.

चौथी बद्धकोष्ठता. निकोटीन आतड्यांना हलवत असतं, ते कमी झालं की साधारण सहातल्या एकाला हा त्रास होतो. आता हे निकोटीनमुळे आहे म्हणजे गमने जायला पाहिजे ना, पण निदान मला तरी त्याने फारसा फरक पडला नाही, गमचं निकोटीन तेवढं नसतं. पाणी, भाज्या-फळं, चालणं. ह्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय, कारण आठवडाभर पोट साफ नसलं की मूड असाही खराबच असतो.

वजनाचं जरा मधलं आहे. सिगरेट सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी ४-५ किलो वाढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत, कारण भूक वाढते आणि शरीर खर्चही थोडा कमी करतं. गम, विशेषतः ४ एमजी, चालू असेपर्यंत ही वाढ लांबवतं. लांबवतं, थांबवत नाही. मला हे पुरेसं वाटतं, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत एकाच वेळी सिगरेट आणि खाणं दोन्हीवर लढायला लागलं तर सिगरेटच जिंकते. वजन नंतर बघता येतं.

गमचे स्वतःचे तोटे पण सांगतो. जबडा दुखतो, पहिल्या आठवड्यात तर चांगलाच. ज्यांना जबड्याच्या सांध्याचा त्रास आहे किंवा कवळी आहे त्यांनी हे घेऊच नये, त्यांच्यासाठी तोंडात ठेवून विरघळवायची निकोटीन गोळी किंवा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) आहे. चव कुठल्याही फ्लेवरमध्ये पहिल्यांदा वाईटच लागते, मिंट त्यातल्या त्यात बरा, पण तिखटपणा त्यालाही आहेच आणि तो निकोटीनचाच आहे, तो नसेल तर गम काम करत नाहीये असं समजा. मीटिंगमध्ये, फोनवर बोलताना गालात ठेवून बोलणं अवघड जातं. हार्ट अटॅक नुकताच येऊन गेला असेल, ठोके अनियमित असतील, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. १८ च्या खालच्यांनीही.

ज्यांना फक्त गमने भागत नाही त्यांनी पॅच आणि गम दोन्ही एकत्र बघावं, पॅच दिवसभर एक सपाट पातळी ठेवतो आणि मधे मधे तलफ उसळली की गम. हे कॉम्बिनेशन एकेकट्यापेक्षा जास्त चालतं हे सिद्ध झालेलं आहे आणि तरी लोकांना "डबल निकोटीन" म्हणून भीती वाटते. डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारून डोस ठरवा, बस.

एक गोष्ट मात्र ठळक करून सांगायची आहे. निकोटीनचा विड्रॉवल कितीही नकोसा वाटला तरी त्याने जीवाला धोका नसतो, म्हणून तो घरच्या घरी, मेडिकलमधून गम आणून करता येतो. हेच दारूला आणि झोपेच्या, म्हणजे बेन्झोडायझेपिन टाइपच्या गोळ्यांना लावू नका. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने एकदम थांबवली तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, थरथर असं सगळं होऊन जीव जाऊ शकतो. माझी सिगरेट अशी सुटली म्हणून तू पण दारू अशीच सोड, असा सल्ला कृपया कोणालाही देऊ नका. ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

शेवटच्या टप्प्यात गम सोडायचं कसं हे पण विचारतात लोक. काहींना गमचीच सवय लागते, महिनोन्महिने खात राहतात. माझं मत, सिगरेटपेक्षा ते हजारपट बरं, त्यात धूर नाही, टार नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, त्यामुळे ह्यावरून स्वतःला किंवा घरच्याला बोल लावत बसू नये. कमी करायचं असेल तर ४ वरून २ वर या, मग दिवसातली एक वेळ निवडून तिथे साधं बिनसाखरेचं च्युइंगम घ्या, मग अजून एक वेळ. सकाळचं शेवटी काढा, ते सगळ्यात हट्टी असतं. मधे कठीण दिवस आला, भांडण झालं, कोणी आजारी पडलं, तर त्या दिवशी परत एक जास्त घेतलं तरी चालतं, सिगरेट नको एवढंच.

आणि चघळून झालेलं गम कागदात गुंडाळून लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही असं टाका, त्यात तेव्हाही निकोटीन उरलेलं असतं.